संन्याशाला सुळी देण्याआधी : आमच्या पंचायतीला खुलं पत्र

सरपंचताई, पंच मंडळी, आणि रविवारच्या ग्रामसभेला येणारे व न येणारे समस्त गावकरी,

सप्रेम नमस्कार.

रविवारच्या विषयपत्रिकेवर सातव्या क्रमांकाला एक ओळ आहे : शाळा व देवळाच्या आवारातील माश्या, मुंग्या व इतर किडींच्या बंदोबस्तासाठी औषध फवारणी. विषयपत्रिका सहाव्या मुद्द्यापर्यंत पोचते तेव्हा अर्धी सभा चहाला उठलेली असते आणि सातवा विषय 'सर्वानुमते मंजूर' होऊन जातो. तो तसा होऊ नये म्हणून हे पत्र आधीच लिहिते आहे. 33 वर्षं मुलांना शिकवलं, त्यामुळे उत्तरपत्रिका शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची खोड लागली आहे. विषयपत्रिकाही मी तशीच वाचते.

आधी मार्चमध्ये काय घडलं ते सांगते. शिगम्याच्या सुट्टीनंतरचा पहिलाच दिवस. तिसरीतल्या एका मुलाच्या तळहाताला माशी चावली. मूल किंचाळलं, हात टम्म सुजला. शाळेजवळच्या पाण्याच्या टाकीखाली आग्यामोहोळ लोंबत होतं, ते साऱ्या गावाला ठाऊक. बोट दाखवायला वेळ लागला नाही. दुसऱ्या दिवशी रात्री नारळाच्या सुक्या चुडतांच्या मशाली बांबूला बांधून ते जाळलं. टाळ्याही पडल्या, असं ऐकते.

मुलाचा हात मी त्याच दुपारी पाहिला होता, कारण ते पोर आमच्या शेजारचं. तळहातावर तीन टोचे, एका ओळीत, बोटभर अंतरात. काटा एकही नाही. मधमाशीच्या नांगीला उलटे दात असतात. माणसाच्या कातडीत ती अडकते, माशी उडाली की विषाच्या पिशवीसकट मागे राहते, आणि माशी मरते. म्हणजे एक मधमाशी एकदाच डसते आणि खूण सोडून जाते. तीन टोचे आणि काटा नाही, म्हणजे गांधीलमाशी. तिची नांगी गुळगुळीत, सुईसारखी. हवी तितक्यांदा खुपसते आणि काढते. पोराला विचारलं, "हात कुठे घातला होतास?" म्हणाला, "फळ्यामागे, चेंडू गेला होता." व्हरांड्यातल्या सूचनाफलकामागे मी स्वतः जाऊन वाकून पाहिलं. बशीएवढं, करड्या कागदाचं पोळं, वर वीसेक तपकिरी गांधीलमाश्या. आग्यामोहोळ जळालं त्या रात्री आणि त्यानंतर आठवडाभर त्या तिथेच सुखाने नांदत होत्या.

चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

हे मी तेव्हाच का बोलले नाही, असं कोणी विचारील. बोलले होते. दोन जणांना फोन केला. "बाई, माशी ती माशी," असं उत्तर मिळालं. सातवा विषय नेमका त्या वाक्यातून आलेला आहे, म्हणून त्या वाक्याबद्दल लिहिणं भाग आहे.

माशी ती माशी नव्हे. मधमाश्या, गांधीलमाश्या आणि मुंग्या हे एकाच गणातले, मात्र स्वभावाने फार लांबचे नातलग. मूळ घराणं गांधीलमाशीचं. त्यातल्या एका शाखेने शिकार सोडून फुलांचा पराग धरला, त्या मधमाश्या झाल्या. दुसऱ्या एका शाखेने पंख गाळून जमीन धरली, त्या मुंग्या. आजही लग्नाच्या उड्डाणासाठी मुंग्यांच्या कोऱ्या राण्यांना आणि नरांना पंख असतात, ती जुन्या घराची आठवण. जगात मधमाश्यांच्याच 20,000 हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत, आणि त्यातल्या बहुसंख्य एकट्या राहणाऱ्या. त्यांना ना पोळं, ना राणी, ना कोणावर धावून जायचं कारण. मुंग्यांच्या जाती चौदा हजारांच्या घरात. यांतल्या हातावर मोजण्याइतक्यांशी आपलं भांडण आहे, आणि फवारणी होणार सगळ्यांवर.

ज्यांना जाळलं त्यांच्यापासून सुरू करते. आग्या ही आपल्याकडची सर्वांत मोठी मधमाशी. हिचं पोळं एकच, उघडं, हात-दीड हात रुंद. त्यावर माश्या एकमेकींच्या अंगावर थर करून पडद्यासारख्या बसतात, त्यामुळे आपल्याला दिसतं ते पोळं नसतंच, माश्यांचा पडदा असतो. मोठी गांधीलमाशी जवळ आली की त्या ओळीने पोट वर उचलतात आणि पोळ्यावरून लाट सरकल्यासारखी दिसते. टाकीखाली मी ती लाट कितीदा पाहिली आहे. चांदण्या रात्रीही या माश्या चरायला जातात. आणि मुख्य म्हणजे त्या पाहुण्या आहेत : पाऊस सरला की येतात, फुलोरा संपून पावसाची चाहूल लागली की पोळं रिकामं टाकून निघून जातात. आमच्या भाटात नारळ पाडायला येणारा पाडेली त्या मोहोळाकडे पाहून मला म्हणाला होता, "तांकां हात लावूं नाकात बाय, त्यो आपशींच वतल्यो." म्हणजे हात लावू नका, त्या आपोआप जातील. दोन-अडीच महिने कळ काढली असती तर एक काडीही ओढावी लागली नसती.

आग्या धोकादायक नाही, असं मी म्हणणार नाही. ती चवताळली की माणूस मरू शकतो, मेलेलेही आहेत. एक माशी डसली की त्या जागी एक वास सुटतो, पिकल्या केळ्यासारखा. त्या वासावर बाकीच्या तुटून पडतात. म्हणून दगड मारणं, खाली फटाके लावणं, धूर अर्धवट करणं, हे सगळं आत्मघाती. पण मोहोळ टाकीखाली वीस-पंचवीस फुटांवर, पोरांचा हात पोचत नाही, आणि चार महिन्यांत एकही तक्रार नाही. अशा जागी दोरी बांधून पाटी लावणं पुरेसं होतं. खरं तर एक तक्रार होती, ती मी विसरत नाही : टाकीखाली लावलेल्या गाड्यांवर पिवळे ठिपके पडतात. गेल्या ग्रामसभेत त्यावर दहा मिनिटं गेली. ते ठिपके म्हणजे आग्याची विष्ठा. ह्या माश्या घोळक्याने उडून एकदम पोट हलकं करतात. याच ठिपक्यांवरून 1981 मध्ये अमेरिकेने थेट सोव्हिएत संघावर आरोप केला होता, की आग्नेय आशियात 'पिवळा पाऊस' पाडून रासायनिक युद्ध चालवलंय. पुढे मेसेल्सन आणि सीली हे शास्त्रज्ञ थायलंडला गेले, तिथे त्यांच्या अंगावरच हा पाऊस पडला, आणि ठिपक्यांत पराग सापडले. तेव्हा आपल्या गाड्यांच्या मालकांनी वाईट वाटून घेऊ नये, महासत्तासुद्धा फसली होती.

जाळल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी टाकीखाली गेले होते. मेणाचा आणि रॉकेलचा वास अजून होता. खाली सिमेंटवर पोळ्याचे तुकडे, काही काळे, काही तसेच पिवळेधमक. एका तुकड्यात घरांच्या तोंडावर अजून मेणाची झाकणं होती. त्या आत पांढरी पिल्लं. पंख जळालेल्या शेकडो माश्या चालत होत्या. कुठे जायचं हे त्यांना ठाऊक नव्हतं, पण सगळ्या टाकीच्या खांबाकडेच सरकत होत्या, वर चढायला. आणि मुंगळे कामाला लागले होते. एकेक पांढरं पिल्लू तोंडात धरून ओळीने भिंतीच्या भेगेत नेत होते. मुंगळ्यांना दोष नाही, त्यांचं पोट आहे ते.

आता खऱ्या आरोपीकडे वळते. सूचनाफलकामागची गांधीलमाशी, कागदाचं पोळं करणारी. ते पोळं काढायलाच हवं होतं, यात माझं दुमत नाही. मुलांचा हात जिथे पोचतो तिथे तिने राहू नये. अंधार पडल्यावर, पूर्ण अंगभर कपडे घालून, जाणत्या माणसाने ते दहा मिनिटांत काढलं असतं. पण तिलाही ओळखून घ्या, कारण ती आपल्या भेंडीच्या आणि कोबीच्या अळ्या उचलून पिल्लांना भरवते. तिच्या जातीवर बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गडगकरांनी कित्येक दशकं काम केलं आहे. त्यांना असं दिसलं की या पोळ्याची राणी अगदी शांत असते. दांडगाई करत नाही, कोणाला चावत नाही. राणीला बाजूला काढलं की काही मिनिटांत एक कामकरी माशी एकाएकी आक्रमक होते, सगळ्यांवर धावून जाते. बाकीच्या मुकाट मानतात. आठवडाभरात ती अंडी घालू लागते आणि तीही राणी होऊन शांत बसते. जुनी राणी लवकर परत ठेवली तर ती आक्रमकी गपचूप पुन्हा कामाला लागते. अविश्वास ठराव आणि निवडणूक धरून सगळा कारभार एका आठवड्यात! आपल्या पंचायतीबद्दल मी इथे काहीही म्हटलेलं नाही.

मात्र काळ्या अंगावर पिवळा-नारिंगी पट्टा असलेल्या मोठ्या गांधीलमाशीचं फुटबॉलसारखं घरटं दिसलं, तर धाडस कोणी करू नये. तिथे अग्निशामक दलाला किंवा जाणकारालाच बोलवायचं. अशी घरटी लोकवस्तीत नकोच.

आणि आणखी एक माशी आहे, जिला आपण रोज झाडूने पाडतो : कुंभारीण. भिंतीच्या कोपऱ्यात, तसबिरीमागे, विजेच्या बटणाच्या डबीत ओल्या मातीचे गोळे आणून लावते. ती एकटी राहते, अंगावर कधीच येत नाही. मागच्या वर्षी आमच्या भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं म्हणून काढलं, तर मागे मातीची पाच कोठारं. एक चुकून फुटलं. आत अकरा कोळी होते, सगळे जिवंत, पण एकाचाही पाय हलेना. कुंभारीण कोळ्याला नांगीने बधिर करते, मारत नाही, कारण मेलेला सडतो. अकरा कोळी भरून त्यांत एक अंडं घालते आणि तोंड लिंपून निघून जाते. पिल्लू बाहेर आलं की ताजं अन्न तयार. अंगावर काटा येतो हे खरं, पण ज्या घरात ही माशी असते तिथे कोळिष्टकं कमी असतात हेही खरं. घड्याळ मी तसंच ठेवलं आहे. वेळ मोबाईलवर पाहते.

देवळाच्या आवारातल्या फवारणीचं कारण मला अजून कळलेलं नाही. तिथे एक वड आहे आणि एक रुमड, म्हणजे घाटावर ज्याला उंबर म्हणतात तो. 'उंबराचं फूल' आपण दुर्मीळ गोष्टीला म्हणतो. खरं तर फुलं शेकड्याने असतात, पण फळाच्या आत. तिथपर्यंत पोचते ती तिळापेक्षा लहान एक गांधीलमाशी, आणि उंबराची ती वेगळी, वडाची वेगळी. टोकाच्या छिद्रातून आत घुसताना तिचे पंख तुटून पडतात. परत येणं नाहीच. आत ती परागकण पोचवते, अंडी घालते आणि मरते. तिच्या मुलग्यांना पंखच नसतात, ते बहिणींसाठी बाहेर जायचा बोगदा पाडतात आणि आतच संपतात. वडपौर्णिमेला आपण ज्या झाडाला सूत गुंडाळतो त्याचं बी या माशीवाचून धरत नाही. त्या झाडावर औषध मारायचं, ते कोणासाठी? भटजींच्या डोक्यावर उंबरं पडतात म्हणून?

मुंग्यांवर जास्त लिहावं लागेल, कारण तक्रारी जास्त त्यांच्याच. हुमल्यांबद्दल. काजूवर आणि आंब्यावर पानं शिवून घरं करणारे तांबडे हुमले चावले की जीव जातो, मान्य. ते डसत नाहीत, चावतात आणि त्या जखमेवर आम्ल सोडतात. मानकुराद आंबे काढायला चढलेल्या माणसाला यांच्याबद्दल माया वाटेल अशी माझी अपेक्षा नाही. पण पानांचं ते घर जवळून बघा. डझनभर हुमले एकमेकांची कंबर धरून साखळी करतात आणि दोन पानांच्या कडा ओढून जवळ आणतात. मग दुसरे आपल्याच अळ्या तोंडात धरून येतात. अळीच्या तोंडातून रेशमी धागा निघतो. तिला या कडेवरून त्या कडेला, त्या कडेवरून या कडेला फिरवत शिवण घालतात. मूल हातात घेऊन शिवणयंत्र चालवल्यासारखं. हे मी वर्गाला काजूच्या खालच्या फांदीवर दाखवत असे. एकदा एक हुमला माझ्या पदरातून आत गेला आणि धडा तिथेच संपला.

काजूचा मोठा शत्रू म्हणजे ढेकण्या नावाचा किडा. कोवळी पालवी आणि मोहोर शोषतो आणि फांदीचा शेंडा करपतो. हुमले असलेल्या झाडावर ढेकण्या टिकत नाही. ऑस्ट्रेलियातल्या काजूबागांत तर हुमल्यांच्या वसाहती मुद्दाम राखून ढेकण्या आवरतात. चीनमध्ये संत्र्याच्या बागांसाठी हुमल्यांची घरटी पिशव्यांतून बाजारात विकली जात, असं सुमारे 1,700 वर्षांपूर्वीच्या एका ग्रंथात नोंदलेलं आहे. ते अगदी साधूसंत नव्हेत. पिठ्या ढेकणांना गोड रसासाठी पाळतात, कधी फुलांवर येणाऱ्या मधमाश्यांनाही हुसकावतात. म्हणून काजूचे बोंडू गोळा करायच्या दिवसांत खालच्या फांद्यांवरची घरटी काढा, वरची राहू द्या. आमच्या भाटात आम्ही तेच करतो.

शाळेमागच्या टेकडीवर एका किंदळीच्या झाडाला काळा, शेणाच्या गोळ्यासारखा गड्डा आहे. तो तोडायचा, असंही कोणी सुचवल्याचं कळलं. तेही मुंग्यांचंच घर, पोट वर उचलून चालणाऱ्या लहान मुंग्यांचं. तांबूस सुतार नावाचा पक्षी याच गड्ड्यात भोक पाडून आपली अंडी घालतो, आणि भोवती मुंग्या नांदत असतात. तो गड्डा तोडला तर दोन घरं मोडतील.

वारुळाची गोष्ट करायला हवी, कारण सातेरीचं नाव घेतल्याशिवाय आपल्याकडे काही पुरं होत नाही. आपली ग्रामदेवी सातेरी ही वारुळाची, म्हणजे रोयणीची देवता. रोयण मुंग्या बांधत नाहीत, वाळवी बांधते, आणि वाळवी मुंग्यांची कोणीच लागत नाही. तिचं नातं झुरळाशी. उलट मुंग्या वाळवीच्या सर्वांत मोठ्या वैरी. पहिल्या पावसानंतर आपण ज्या रोयणीच्या अळम्यांसाठी, म्हणजे रानातल्या अळिंब्यांसाठी, पहाटे डोंगरात जातो, ती वाळवीच जमिनीखाली पिकवते. आणि योगायोग पाहा : लाकडी पेटीत पाळतात त्या आपल्या गावठी मधमाशीचंही नाव सातेरी, ती झाडाच्या ढोलीत एकामागे एक पोळी बांधते. एका सातेरीला आपण नवस बोलतो, दुसरीवर फवारणीचा ठराव आणतो.

फवारणीत मरणार कोण, याचा हिशेब मी मांडते. आमच्या घराच्या चिऱ्यांच्या भिंतीत मुगाएवढ्या बिनकाट्याच्या माश्या राहतात. मेणाची एक नळी तेवढी बाहेर दिसते. त्या मरतील. कुडाच्या सुक्या बांबूत घर करणारा काळा भुंगा मरेल. वांग्याच्या फुलातला पराग मिठाच्या डबीसारखा टोकाच्या भोकातून बाहेर पडतो, त्यासाठी फूल गदागदा हलवावं लागतं. सातेरी माशीला ते जमत नाही. भुंगा आणि निळ्या पट्ट्यांची एक जमिनीत राहणारी माशी फुलाला मिठी मारून अंग थरथरवतात, तेव्हा पराग झडतो. आगशीच्या वांग्यांचं कौतुक करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. तवशी, चिबूड, दोडकी यांची नर आणि मादी फुलं वेगळी, माशी आली नाही तर चवथीला गणपतीवर टांगतो त्या माटोळीला काय बांधाल? आणि माटोळीतल्या घागऱ्यो, त्या खुळखुळ्या शेंगा? त्यांची पिवळी फुलं भुंग्याच्या वजनानेच उघडतात.

आता मागणं. फवारणीचा सातवा विषय रविवारी मागे घ्यावा. त्याऐवजी जैवविविधता कायदा, 2002 च्या कलम 41 प्रमाणे प्रत्येक पंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, आपलीही कागदावर आहे, तिची बैठक लावावी. लोक जैवविविधता नोंदवही करणं हे तिचं मुख्य काम. त्या वहीत या माश्या-मुंग्यांची पानं भरायला मी आणि शाळेची वरची दोन इयत्ता तयार आहोत, मानधन नको. मोहोळ किंवा घरटं दिसलं की जाळायच्या आधी तीन गोष्टी पाहाव्यात : कोण आहे, किती उंचीवर आहे, आणि रोजची वाट किती जवळून जाते. हात पोचेल तिथलं काढा, उंचावरचं राहू द्या. टाकीवरचा झगझगीत दिवा माश्यांच्या दिवसांत रात्रभर नको, त्या दिव्याकडेच झेपावतात आणि खाली येतात. काजू-आंब्याला मोहोर असताना कीटकनाशकं सकाळी मारू नयेत, हे बागायतदारांनाही सांगावं. आणि शाळेच्या फळ्यावर एवढं लिहा : मधमाशी डसली तर काटा नखाने लगेच खरवडून काढायचा, अंगभर गांध्या उठल्या, ओठ सुजले किंवा दम लागला तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, 108 ला फोन करायचा.

ता. क. काल संध्याकाळी टाकीखाली गेले होते. जळक्या मेणाच्या काळ्या पट्ट्याभोवती पंधरा-वीस आग्यामाश्या घिरट्या घालत होत्या, मधूनच त्या पट्ट्याला टेकून उडत होत्या. आग्याचे थवे वर्षानुवर्षं त्याच जागी परत येतात. पुढच्या कार्तिकात टाकीखाली पुन्हा मोहोळ लागण्याचा संभव आहे, तेव्हा दोरी आणि पाटी आत्ताच करून ठेवावी. पाटीवरचा मजकूर मी सुवाच्य अक्षरात लिहून देते. रविवारी येताना घड्याळामागचं मातीचं कोठार डब्यात घालून आणीन. फुटलेलंच आहे, घाबरू नये.

आपली,
शाळेतली जुनी बाई